आवाज लिहून पाठवजो

नाचणगाव
१७ फेब्रुवारी २०२५

जंगूभाऊ,

जय भीम. खुशाली मागून विचारतो, आधी हे सांग का तू फोन काऊन उचलत नाई? चार दिवस झाले, सकाळी लावतो, संध्याकाळी लावतो. उचलते रामबाई वहिनी, अन् म्हणते, "हे बगीच्यात गेले." अबे, फोन खिशात टाकून बगीच्यात जाता येत नाई काय? त्यातही तुहा फोन बटणवाला, त्याच्यावर फोटो येत नाई का काही येत नाई. म्हून कागद घेऊन बसलो. हे पत्र आर्वीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतो, तो आष्टीच्या गाडीत देईन. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, तेवढी ओळख तरी कामाले येऊ दे.

तर तुह्या बगीच्यासाठीचा ट्रॅक्टर घरी आला. भंगारवाल्याच्या वाड्यातून टेम्पोत टाकून आणला अन् माह्या पोर्चमध्ये विटांवर चढवला. पोर्चले शटर लावलं तेव्हापासून मी त्याले गॅरेज म्हणतो. पंचफुला त्याले "माह्या स्कूटीची जागा" म्हणते. स्कूटी आता उन्हात आहे अन् बायको तापून आहे.

ट्रॅक्टर तुले पाहिजे तसाच बुटका आहे, माह्या छातीएवढा. एकच सिलिंडर, हँडल मारून चालू कराचा. संत्र्याच्या दोन ओळींमधून एक फांदी न मोडता निघून जाईन. पण हालत पाहाशीन तर कपाळाले हात लावशीन. इंजिन जाम, हँडल तसूभर हालत नाई. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली. मागचं टायर असं फाटलं का त्याच्यात कोंबडी बसत होती. खोटं नाई सांगत, दोन अंडे निघाले.

तू वहिनीजवळ निरोप देल्ला का अक्षय तृतीयेच्या आत ट्रॅक्टर नाई आला तर तुहा रोशन बगीचा उपटून टाकते. हे मले काही समजलं नाई. उभी फळाची झाडं कोणी उपटते काय? ते लिहून कळव. अन् मुख्य म्हणजे तू स्वतः ये. मी वायरमन, तू इंजिनवाला. वर्कशॉपात तू चालत्या गाडीजवळून नुसता गेला तरी सांगत होता का हिचं अमुक गेलं. मले पिस्टन दाखवला तर मी त्याले वायर कुठं लावाची ते पाहतो. दोन दिवस ये, मटण खाऊ घालतो.

तुहा
गुलाब


मुक्काम बगीचा, तालुका आष्टी
२४ फेब्रुवारी २०२५

गुलब्या,

जय सेवा. पत्र भेटलं. येणं जमत नाई. ओलिताची पाळी आहे, माकडं आहे, रानडुकरं आहे. बगीचा सोडून हलता येत नाई.

रोशनचं विचारलं. तो म्हणते, बाबा, मजूर भेटत नाई, बैल विकले, मोठा ट्रॅक्टर आत गेला तर फांद्या मोडते, तुमचं वय झालं. झाडं काढू अन् ठोक्यानं, सालाच्या ठरीव पैशावर, वावर सोयाबीनले देऊन टाकू. तीनशे झाडं आहे, गुलब्या. रविवारच्या सुट्टीले सुट्टी जोडून मी हातानं खड्डे खोदले, तुले माहीत आहे, तूही एकदा फावडं घेऊन आलता अन् दोन खड्ड्यात बसून गेलता. मी पोराले म्हटलं, अक्षय तृतीयेले गावात सालभराचे गडी, सालदार ठरते, आपलंही त्याच दिवशी ठरवू. तोवर बुटका ट्रॅक्टर आला अन् मी एकट्यानं वखरणी करून दाखवली तर झाडं राहतीन. नाई आला तर जेसीबी बोलाव, मी तोंड उघडणार नाई. झालं, जबान देऊन बसलो. आता तुह्यावर आहे.

काम सांगतो. हेड खोल. पिस्टनच्या वर डिझेल अन् रॉकेल अर्धं-अर्धं भर. आठ दिवस हात लावू नको. हात लावू नको म्हणजे लावू नको, तुही सवय मले माहीत आहे. मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेव अन् हळूहळू ठोक. लोखंडानं ठोकशीन तर तिथं येऊन हात मोडीन. सुटल्यावर रिंगा बदल, व्हॉल्व्ह घासून बसव. बोल्ट सारे एका डब्यात टाकू नको.

अन् लाईट-बिट, हॉर्न-बिर्न काही बसवू नको. मले वखर ओढणारा पाहिजे, वरातीतला नाई.

जंगू


नाचणगाव
१६ मार्च २०२५

जंग्या,

"येऊन हात मोडीन" म्हणते! ये तर खरं, मोड. तेवढ्यासाठी तरी ये.

पिस्टन सुटला. आठ दिवस म्हटलं होतं, मी नऊ दिवस थांबलो. पंचफुलाची पुरणाची परात खाली ठेवली होती तेल गळू नये म्हून, ते तिले होळीच्या दिवशी समजलं, जेव्हा तिले परात पाहिजे होती. तिनं जे म्हटलं ते लिहीत नाई. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, टायर दुसरं बसवलं. काल हँडल मारलं, सातव्या वेळी चालू झालं. गॅरेजमध्ये असा काळा धूर झाला का बाहेर खाटेवर वाळत टाकलेल्या कुरडया साऱ्या काळ्या पडल्या. आता ती माह्याशी बोलत नाई. घरात शांती आहे.

पण इंजिनात ठोका आहे. चालतानी आतून काहीतरी वाजते. मी हे ऐकून लगेच तुले फोन लावला. वहिनीनं उचलला. मी म्हटलं, जंगूच्या कानाले लावा, बोलू नको म्हणा, नुसतं ऐक म्हणा. मोबाइल इंजिनजवळ धरून दहा मिनिटं उभा राह्यलो, हात भाजला. कमी केलं, जास्ती केलं. मग विचारलं, "सांग बे, काय आहे?" तू म्हणते, "हव, हव." मी म्हटलं, हव काय, बुश का बेअरिंग? तू म्हणते, "हव, ठीक आहे, ठेवतो." अन् ठेवला! जंग्या, हे काय आहे? दहा मिनिटं मी काय आरती ओवाळत होतो?

लाईटचं तुहं पत्र येण्याच्या आधीच समोर दोन लाईट बसवले होते. हॉर्नही. आता काढत नाई.

गुलाब


मुक्काम बगीचा
२१ मार्च २०२५

गुलब्या,

फोनवर इंजिनचा आवाज खोटा येते. एवढंही समजत नाई काय? फोन माणसाच्या बोलण्यासाठी आहे. मी हव म्हटलं कारण तू ऐकतच नव्हता, ओरडत होता. पुन्हा इंजिनजवळ फोन धरू नको.

आवाज लिहून पाठवजो. हासू नको. नीट ऐक अन् जसा येते तसा लिही. कोरडा का ओला? लोखंडावर लोखंड का लोखंडावर पितळ? थंड इंजिनात जास्ती का गरममध्ये? अ‍ॅक्सिलेटर देल्लं का वाढते का दबते? धडधडीच्या आधी का मागं? वरून येते का खालून? तुह्या बापानं तुले शाळेत घातलं होतं, त्याचा उपयोग कर.

रोशन काल जेसीबीवाल्याशी बोलून आला. मे महिन्याची पाच तारीख पक्की केली. मले म्हणे, बाबा, तुमचा ट्रॅक्टर आला तर रद्द करून टाकीन. असं म्हणे, पण तोंडावर दिसत होतं का येणार नाई असंच तो धरून चालला. म्हून घाई कर.

हॉर्न कायले बसवला? बगीच्यात झाडं बाजूले होणार आहे काय?

जंगू


नाचणगाव
२७ मार्च २०२५

जंग्या,

मी वायरमन आहे, बॅन्डवाला नाई. आवाज लिहून पाठव म्हणे! दोन गाड्या बदलल्या का माणूस माह्या दारात येते, अन् हा मले निबंध लिहाले लावते.

तरी लिहितो, कारण तुही झाडं.

सकाळी शटर अर्धं लावलं, हँडल मारलं अन् कागद घेऊन पाटावर बसलो. पहिले एक फुस्स. मग भक्. मग बराच वेळ काही नाई, वाटते गेलं. मग भक्, भक्, अन् मग भकभकभक लागते. हा आवाज भरीव आहे, पोटातून येते, याच्यात खोट नाई. प्रत्येक भकच्या मागं, अगदी चिकटून, एक टक. भक्‌टक, भक्‌टक. कोरडी टक आहे. थंड असो का गरम, सारखी. थोडं अ‍ॅक्सिलेटर देल्लं का टकटकटक होऊन एकमेकात मिसळते.

इथवर लिहिलं तं पंचफुला आतून आली. बारा दिवसांनी बोलली. म्हणे, "टक कुठं आहे? ठक आहे." मी म्हटलं टक. ती म्हणे, "तुम्ही तारा जोडा, आवाजाचं मले समजते. उखळात मुसळ काठाले लागलं का होते तशी ठक." मी म्हटलं, मुसळ लाकडाचं, हे लोखंड आहे. ती म्हणे, मंग खलबत्ता. पाऊण तास आम्ही भांडलो. ती इंजिनले कान लावून ठक ठक करे, मी टक टक करो. समोरचे लोक अंगणात येऊन उभे राह्यले. शेवटी दोघांनी मिळून असं ठरवलं का टक आहे पण जाड आहे. थंड्या हवेत सुपारी फोडतानी जो आवाज येते, सुपारी फुटल्यावरचा नाई, अडकित्ता बंद होतानीचा, तो.

वरून का खालून ते समजत नाई. लोखंड सारं एकच वाजते.

आता याच्याहून नीट लिहिता येत नाई. नसंल समजत तर स्वतः ये.

गुलाब


मुक्काम बगीचा
२ एप्रिल २०२५

गुलब्या,

पत्र चांगलं लिहिलं. पंचफुला वहिनीले सांगजो, अडकित्त्याचं बरोबर समजलं.

पिस्टनच्या पिनचा बुश गेला. भकच्या मागं चिकटून कोरडी टक म्हणजे तेच, दुसरं काही नाई. पिस्टन पुन्हा काढ, पुलगावात लेथवाल्याकडून पितळेचा बुश करून घे. पिन त्यात अंगठ्यानं दाबून जाईन असा. ढिला नको, ठोकून बसंल असा नको. हे केलं का आवाज गेलाच समज.

ओलीत सुरू आहे म्हून येता येत नाई.

जंगू


नाचणगाव
१५ एप्रिल २०२५

जंगू,

बुश झाला. लेथवाल्यानं आठ दिवस चकरा मारवल्या. पिन अंगठ्यानं दाबून बसवली. परवा सारं जोडून चालू केलं, अन् टक तिथंच. तसूभर फरक नाई. उलटी जाड झाली.

काल जयंती होती. रांगोळ्या, झेंडे, सारी गल्ली माह्या दारासमोरून विहाराकडे गेली अन् प्रत्येक जण शटरमधून वाकून विचारे, "काय गुलाबभाऊ, अजून नाई झाला?" लहान पोट्टे मले पाहून टक-ठक, टक-ठक करते. जयंतीच्या दिवशी बायको नवी साडी नेसून बाहेर आली अन् शटरच्या कडेचं ऑईल तिच्या पदराले लागलं. ती रडली. ती रडत नाई, जंगू, तुले माहीत आहे.

मी दोन महिन्यापासून एकटा मरून राह्यलो, अन् तू तिथून पत्रात हुकूम सोडून राह्यला. ओलीत, माकडं, डुकरं! ओलीत काय तूच एकटा करते जिल्ह्यात? मागच्या वर्षी माह्या पुतणीच्या लग्नाले तू आला नाई. आपल्या वर्कशॉपचे पोटेसाहेब वारले तेव्हा आला नाई. फोनवर दोन शब्द बोलाले तुले जड जाते. मी काय तुहं वाईट केलं? रिटायर झालो म्हून ओळख संपली असंल तर तसं लिही, मी समजून घेईन. पण तू मले येडा बनवून राह्यला असं मले आता वाटते.

सत्तावीस तारखेले, रविवारी, भंगारवाला येऊन ट्रॅक्टर घेऊन जाणार आहे. त्याले सांगून टाकलं. तुहं तू पाह्यजो.

गुलाब


आष्टी
१७ एप्रिल २०२५

गुलाबभाऊजी,

जय सेवा. हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. गाडीच्या ड्रायव्हरला मी स्वतः नेऊन दिलं. वाचून झाल्यावर फाडून टाका.

यांना ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. आधी डावा कान गेला, मग चार महिन्यांत उजवा. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, नस सुकली म्हणाले, मशीन लावूनही उपयोग नाही म्हणाले. मी समोर उभी राहून हळूहळू बोलले तर तोंडाकडे पाहून थोडं समजतात. त्या दिवशी फोनवर "हव" मीच म्हणायला लावलं, समोर उभी राहून मान हलवून. तो गुन्हा माझा आहे, त्यांना बोल लावू नका.

तुम्ही लिहिलं की रिटायर झाल्यावर ओळख संपली. भाऊजी, ते तुमच्याचपासून लपवतात. बाकी कोणाला समजलं तर त्यांना तेवढं वाटत नाही. म्हणतात, गुलाबला समजलं की पुलगावच्या साऱ्या वर्कशॉपवाल्यांना समजेल, की ज्या जंगूच्या कानावर गाड्या चालायच्या तो ठार बहिरा झाला. मग ते भेटायला येतील आणि यांना पाहून वाईट तोंड करतील. मी किती समजावलं. अंगणवाडीत तीस वर्षं मुलांना समजावलं, पण यांच्यासारखं हट्टी एकही नव्हतं.

आणि रोशन झाडांचा दुश्मन नाही. मागच्या पावसाळ्यात हे वाकून झाडाला आळं करत होते आणि मागून रानडुकरांचा कळप आला. रोशन बांधावरून ओरडला, ओरडून त्याचा घसा बसला, यांनी मान वर केली नाही. दोन हातांच्या अंतरावरून डुकरं गेली. त्या दिवसापासून पोरगा म्हणतो, बगीचाच नाही ठेवत, म्हणजे बाबा एकटे तिथं जाणार नाहीत. बापाला तोंडावर बहिरा म्हणवत नाही, म्हणून मजुराचं आणि वयाचं कारण सांगतो. घरात तिघंही खोटं बोलतो, असं चाललं आहे.

तुमचं ते टक आणि ठकचं पत्र आलं तेव्हा हे ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरत होते. भक्‌टक, भक्‌टक. चार वेळा वाचलं. मला म्हणाले, "दीड वर्षानं इंजिन ऐकलं." मग डोळे पुसले आणि माझ्यावरच ओरडले की चहा काऊन थंडा आहे.

कालचं तुमचं पत्र वाचून जेवले नाहीत. भंगारवाल्याला नाही म्हणा, एवढंच मागते.

तुमची वहिनी
रामबाई


नाचणगाव
१९ एप्रिल २०२५

प्रिय मित्र जंगूभाऊ,

सप्रेम जय भीम. तुझी व घरच्या सर्वांची तब्येत चांगली असेल अशी आशा करतो. मागच्या पत्रात माझ्याकडून थोडं कमी-जास्त लिहिलं गेलं, त्याबद्दल माफ कर. उन्हाचे दिवस आहेत, डोकं गरम होतं. भंगारवाल्याला नाही सांगितलं आहे.

बुश बदलूनही आवाज गेला नाही, यात तुझी काहीच चूक नाही. मीच आवाज नीट लिहिला नव्हता. काल दिवसभर बसून पुन्हा ऐकला. पंचफुलाही बसली. तिनं साडीचं सोडून दिलं आहे. आम्ही दोघांनी आलटून पालटून ऐकलं आणि खाली लिहिलं आहे ते दोघांना मान्य आहे.

भक् आणि टक यांच्यामध्ये आधी वाटलं होतं तेवढं चिकटून नाही, बारीक फट आहे. टक जाड आहे आणि तिच्या मागं हलकी झिणझिण राहते, पितळी ताटाला हात लावून थांबवल्यावर राहते तेवढी. हळू चालीत स्पष्ट. लाईट लावले की टक दबते, बंद केले की पुन्हा मोठी होते. पुढच्या बाजूला हात ठेवला तर मागच्यापेक्षा जास्त जाणवते.

सवडीनं उत्तर पाठवावे. येण्याची तसदी घेऊ नये.

तुझा मित्र
गुलाब


मुक्काम बगीचा
२२ एप्रिल २०२५

गुलब्या,

तुह्या पत्रात एक शिवी नाई. "प्रिय मित्र" आहे. "तसदी घेऊ नये" आहे. पस्तीस वर्षात तू मले प्रिय म्हटलं नाई, माह्या लग्नातही भैताडच म्हटलं. पत्र वाचलं अन् हिच्याकडे पाह्यलं तर ही गव्हातले खडे पाहाले लागली. गहू कालच निवडला होता.

म्हणजे तुले समजलं. ठीक आहे.

हव, नाई येत ऐकू. लाज वाटली म्हून नाई सांगतलं. वर्कशॉपातल्या साहेबलोकांजवळ डिग्र्या होत्या, माह्याजवळ दोन कान होते. त्याच्यावर माही इज्जत होती. ते गेले तर जंगू म्हणजे काय राह्यलं, हे मले अजूनही समजलं नाई. पण तू माह्याशी असं दवाखान्यात भेटाले आल्यासारखं बोलशीन तर ट्रॅक्टर तिथंच ठेव अन् खुशाल भंगारात दे. मले दया नाई पाहिजे. वखर पाहिजे.

आता ऐक. लाईट लावले का टक दबते असं तू लिहिलं. मी चार वेळा वाचलं. इंजिनले लाईट समजते काय बे? तुहे लाईट बॅटरीवर आहे असं मी धरून चाललो होतो. खरं सांग, डायनामो बसवला ना? अन् तो फिरवाले पुढं फ्लायव्हीलवर पुली बसवली ना? अन् ते मले एकाही पत्रात लिहिलं नाई, कारण मी ओरडलो असतो? डायनामोवर लोड आलं का बेल्ट ताणते, ढिली पुली दाबून बसते, टक दबते. लाईट बंद का पुली पुन्हा डुलते.

बेल्ट काढ. पुली काढ. मग हँडल मार. आठ दिवसावर अक्षय तृतीया आली.

जंगू


नाचणगाव
२४ एप्रिल २०२५

भैताडा, नालायका, कान नाई तर नाई, अक्कल कुठं गेलती?

दीड वर्ष मले येडा बनवला! माह्या पुतणीचं लग्न तुह्या कानासाठी लागणार होतं काय? बहिऱ्याले जेवाले वाढत नाई असा काही कायदा आहे? मी तुले दया दाखवीन? तुह्यावर दया कराले माह्याजवळ वेळ आहे काय, माही बायको अजून कुरडयांचं काढते!

पुली काढली. हँडल मारलं. टक गेली.

होता डायनामो. बसवला होता. नाई सांगतलं. पुलीचा बोल्ट मीच आवळला होता अन् मीच ढिला ठेवला होता, अन् महिनाभर तुह्या पिस्टनले शिव्या देल्ल्या, दोनदा इंजिन खोललं, चांगला बुश फेकून दुसरा करून आणला. तू समोर असता तर दाराच्या बाहेरून पाहूनच सांगतलं असतं अन् माही इज्जत गेली असती. ती आता गेलीच. पंचफुला हासून हासून पाटावर बसली, म्हणे, एकानं कान लपवला अन् एकानं डायनामो, चांगली जोडी आहे.

सोमवारी टेम्पोत टाकून घेऊन येतो. उतरवाले फळ्या तयार ठेवजो. पोहचवून दुपारच्या गाडीनं वापस येतो, दुसऱ्या दिवशी पंचफुलाले माहेरी नेणं आहे, ते टाळलं तर मीच भंगारात जाईन. हॉर्न तुह्या नाकावर टिच्चून ठेवला आहे.

गुलाब


मुक्काम बगीचा
३ मे २०२५

गुलब्या,

तू सोमवारी गेला त्याच्या मागं काय झालं ते लिहितो. रोशन करंज्याले राहते, तिथून अक्षय तृतीयेच्या सकाळीच आला. बुटक्याले वखर लावलेला पाहून त्याच्याभोवती एक चक्कर मारली. मी चपला काढून बसलो. चपलेतून मले काही समजत नाई, उघड्या तळव्याले इंजिन लागते. एक ओळ केली, दुसरी केली. फांदी एकही मोडली नाई. पोरगा मागं मागं चालत होता.

तिसऱ्या ओळीत पायाखालचं बदललं. काय बदललं ते लिहिता येत नाई. तू आवाज लिहिले, मले हे लिहिता येत नाई, पण तळव्याले समजलं का डिझेल पोहचत नाई. इंजिन मरण्याच्या आधी मी स्वतः बंद केलं अन् उतरलो. पाहतो तर रोशनचा हात डिझेलच्या टाकीच्या कॉकवर. चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूनं वाकून त्यानं कॉक बंद केलता. पाहू म्हणे, बाबाले समजते काय. दोन थोबाडीत ठेवाच्या होत्या. बापाच्या बगीच्यात बापाची परीक्षा घेते! पण त्याचं तोंड पाह्यलं अन् हात उचलला नाई. पोरगं घाबरून पांढरं झालतं. दीड वर्षापासून ते तसंच घाबरून आहे, मलेच दिसलं नाई. मी आपल्या कानाच्या लाजेत बसलो होतो.

त्यानं माह्यासमोरच जेसीबीवाल्याले फोन लावला. ऐकू तर काही आलं नाई. पण मी तोंड पाहत होतो. माणूस 'नको' म्हणते तेव्हा तोंड कसं होते, ते बहिऱ्याले बरोबर समजते. दोनदा म्हटलं.

मग काडी घेऊन मातीत लिहिलं, 'एक साल. एकटं नाई.' मी भांडलो, खूप भांडलो, का झाडं मी लावली अन् तू मले अट घालते. त्यानं तीच ओळ पुन्हा काडीनं खोल केली. शेवटी हव म्हटलं. म्हणजे आता मी माह्याच बगीच्यात एका सालाचा सालदार झालो, पुढच्या अक्षय तृतीयेले पुन्हा ठरवाचं. शनिवार-रविवार तो येते, बाकी दिवशी ही माह्या ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते. कंटाळा येते म्हणते, पण उठत नाई.

पंचफुला वहिनीले सांगजो, मृग बहाराची संत्री आली का पहिली पेटी तिची. कुरडयांचं मी काही करू शकत नाई.

अन् एक काम कर. रविवारी पुलगावच्या स्टँडवर आपले सारे जुने लोक चहाले बसते, तिथं तूच सांगून टाक. लपवू लपवू मी थकलो. म्हणजो, जंगू ठार बहिरा झाला, अन् तीनशे झाडांची वखरणी एकट्यानं करून राह्यला. इकडं-तिकडं पाहून, कोणाच्या कानात नको सांगू. चांगलं मोठ्यानं सांगजो.

जंगू